भिंतीवरचा नंबर

जोगेश्वरी पूर्वेला गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमची चाळ लागते. समोरासमोर बावीस खोल्या, मधून गटार. चौथ्या खोलीच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिलं आहे, ‘शकु भोजन. घरगुती डबे मिळतील.’ खाली मोबाईल नंबर. रंग बराच उडाला आहे, पण त्यावाचून कोणाचं अडत नाही, कारण तो नंबर चाळीत सगळ्यांना पाठ आहे. त्या एका नंबरावर सदतीस माणसांची सरकारी कामं चालत आली. यात सरकारचा दोष शोधायला जाऊ नका. दोष आमचाच.

शकुचा नवरा धाकू गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो साकीनाक्याला एका वर्कशॉपवर वॉचमन लागला आणि तिथल्या कामगारांचे जेवणाचे हाल बघून त्याने शकुला डबे करायला सांगितलं. सांगितलं म्हणजे परस्पर सहा डब्यांची ऑर्डर घेऊनच घरी आला. ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण डबे मात्र पहिल्याच दिवसापासून वेळेवर गेले. पुढे सहाचे चाळीस झाले. ऑर्डरी घ्यायला फोन हवा म्हणून तिने मोबाईल घेतला आणि पेंटरकडून भिंतीवर नंबर रंगवून घेतला. चाळीत तेव्हा फोन बऱ्याच जणांकडे होते, पण नंबर कोणाचा टिकायचा नाही. नवी स्कीम आली की लोक कार्ड बदलायचे. टिकला तो शकुचाच, कारण तो बदलायचा तर भिंत पुन्हा रंगवावी लागली असती.

दोन हजार बारा साली आमच्या गणपती मंडळाच्या खोलीत आधारचा कॅम्प भरला. ही खोली शकुच्या बरोबर समोर. बोटांचे ठसे झाले, डोळ्यांचे फोटो झाले, मग कॉम्प्युटरवाला विचारायचा, मोबाईल नंबर? ज्याला आठवायचा नाही तो दारातून बाहेर बघायचा. समोर भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत नंबर होताच. पहिल्याने तो सांगितला, मागच्याने ऐकला, आणि रांगेचा तो नियमच झाला. मी बँकेत एकवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, दुसऱ्याला फॉर्म भरायला शिकवायचो, आणि मीही तोच नंबर दिला. नंबर काय, फॉर्मात एक रकाना भरायचा असतो एवढीच तेव्हा माझी समजूत होती. शकुला कोणी विचारलं नाही. ती आत चपात्या लाटत होती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रेशन, गॅस, पेन्शन, उत्पन्नाचा दाखला, एकेक काम फोनवर आलं आणि प्रत्येक कामाआधी सहा आकडी ओटीपी यायला लागला. दहा मिनिटांत तो सांगायचा, नाहीतर बाद. सरकार घरोघरी पोचणार असं आम्ही ऐकलं होतं. आमच्या चाळीत ते आलं आणि चौथ्या खोलीशी थांबलं.

मेसेजमध्ये ज्याचा ओटीपी असेल त्याच्या आधारचे शेवटचे चार आकडे येतात. शकुने ते सदतीसच्या सदतीस पाठ केले. मी तिच्यासाठी दोन नऊ एक सात. सकाळी दारावरून गेलो की पिठाचे हात वर धरून म्हणायची, ‘ओ दोन नऊ एक सात, काल तुमचा आलेला. मागवलात का तुम्ही?’ मी नाही म्हटलं की रागवायची. ‘मग कोण तुमच्या नावाने मागवतोय ते बघा ना जरा. बँकेत होतात ना?’ धाकूचा आकडाही तिला पाठ होता. तो जाऊन सहा वर्षं झाली, त्याचा मेसेज आता येत नाही.

या कामाचं तिला काही मिळत नव्हतं. उलट फोन चार्ज ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका, गावी सप्त्याला गेली तर रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसा. एकदा आमच्या चाळीतल्या सहदेवच्या पुतण्याने ‘काकांनी पाठवलंय’ म्हणून ओटीपी नेला आणि काकाच्या नावावर फोनचं कार्ड काढलं. त्या दिवसापासून शकुने नियम केला. ज्याचा आकडा त्याने स्वतः यायचं, लांब असेल तर स्वतःच्या आवाजात फोन करायचा. मुलगा नाही, सून नाही, चिठ्ठी नाही. माझ्या बँकेत एवढी शिस्त कधी नव्हती.

हा नियम छत्तीस जणांना सोपा होता. सदतिसावी रुक्मिणी. शकुची धाकटी जाऊ, राहायला पाचव्या खोलीत, म्हणजे भिंतीला भिंत लागून.

दोघींचं बोलणं चौदा सालापासून बंद होतं. म्हातारी सासू शकुकडे असायची. ती गेली, तेराव्याला गावची माणसं जमली होती, पंगत बसायची होती आणि रुक्मिणी मोठ्याने म्हणाली, ‘हिने म्हातारेक कधी ताजा घातल्यान? डब्यातला उरलेला घातल्यान.’ शकुने वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेली. वाईट याचं की ते पुरतं खोटं नव्हतं. त्या घरात सगळेच डब्यांचं उरलेलं खायचे, शकु स्वतः सर्वांत शेवटी. पण चाळीस माणसं जिच्या हातचं रोज जेवतात तिला चारचौघांत हे ऐकावं लागलं. तेव्हापासून रुक्मिणीने शकुच्या घरचं पाणी घेतलं नाही आणि शकुने तिचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची वेळ आली तर ती ‘सहा शून्य आठ तीन’ म्हणायची.

नंबर मात्र शकुचाच लागलेला होता. कॅम्प झाला तेव्हा भांडण नव्हतं आणि नंतर तो बदलायला रुक्मिणी कुठे गेली नाही. वर्षातून दोनतीनदा तिच्या नावाचा मेसेज यायचा. मग शकु काम बाजूला ठेवून दाराकडे तोंड करून बसायची. मी समोरच, मंडळाच्या खोलीशेजारी राहतो, त्यामुळे मला ते दिसायचं. फोन मांडीवर, नजर उंबऱ्यावर, बरोबर दहा मिनिटं. नंतर उठून पुन्हा पोळपाट घ्यायची. एकदा मी विचारलं, ‘वहिनी, एवढं काय बघता?’

ती म्हणाली, ‘माझ्या दारात येऊन मागू दे ना तिला. त्या दिवशी बोलली ते परत घेऊ दे. बाकी मला काय नको.’

तिला बाकी खरंच काही नको होतं. अकरा वर्षांत रुक्मिणी आली नाही.

गेल्या वर्षी रुक्मिणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होणार होतं, पण त्याचं कार्ड काढायला आधारचा ओटीपी लागत होता. तिची सून श्वेता अंधेरीला एका दुकानात कामाला जाते. सुट्टीच्या दिवशी तिने फोनवर सगळा फॉर्म भरला आणि शेवटी ओटीपी मागवून शकुच्या दारात आली.

‘मोठ्या आई, सांगा ना. सहाच तर आकडे आहेत.’

‘तिला पाठव.’

‘त्या नाही येणार. माहितीय ना तुम्हाला.’

‘मग नियम पण माहितीय ना तुला,’ शकु म्हणाली. ‘सहदेवभावजींच्या वेळी काय झालं बघितलंस. घरातलाच होता ना तो?’

श्वेता घरात गेली. भिंतीपलीकडून रुक्मिणीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. ‘माका नको तिचो ओटीपी. डोळे गेले तरी चलात.’ दहा मिनिटं गेली. पुढच्या सुट्टीला पुन्हा हेच झालं. चाळीत दोन पक्ष पडले. मी शकुच्या बाजूचा, पण सांगतो, मला तिचा रागच आला होता. नियम चांगला होता, पण ती तो कशासाठी वापरत होती ते तिलाही कळत होतं आणि मलाही. हे मी तिला तोंडावर म्हटलं नाही, कारण माझी पेन्शनही त्याच फोनमध्ये होती.

तिसऱ्या सुट्टीला श्वेताने पुन्हा मागवला. दुपारचे चार वाजले होते. शकु नेहमीसारखी दाराकडे तोंड करून बसली. तेवढ्यात रुक्मिणी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिच्या दारात तेलाच्या डब्यात तुळस आहे. रुक्मिणी वाकली आणि तिने सगळं पाणी डब्याच्या बाहेर, वीतभर लांब, लादीवर ओतलं. हात जोडले. लादीला नमस्कार करून आत गेली. तुळस कोरडीच होती, बहुतेक बऱ्याच दिवसांपासून, कारण पानं करपलेली दिसत होती.

शकुने ते पाहिलं. ती उठली, आतून पाणी आणून तुळशीत घातलं आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा पाचव्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. रुक्मिणीकडे बघितलं नाही. श्वेताला म्हणाली, ‘लिही. दोन मिनिटं राहिलीत.’ सहा आकडे सांगितले आणि मागे फिरली. रुक्मिणी खाटेवर बसून होती. त्या संध्याकाळी शकुने माझ्याकडे पाहून उगाच म्हटलं, ‘मोडला नियम. झालं समाधान?’ हरल्याचं तिला लागलं होतं आणि मलाही वाईट वाटलं.

कार्ड निघालं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं.

यंदा आमच्या मंडळाच्या खोलीत पुन्हा कॅम्प लागला, आधारला आपापला नंबर जोडण्याचा. टेबलावर मानसी नावाची चुणचुणीत मुलगी होती. रांगेत माझ्यापुढे पंधरा जण होते. सगळ्यांनी आपापले नंबर दिले, मीही दिला. शकु दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरत होतं, तरी चेहरा काही तसा दिसत नव्हता. माझ्यामागे काळा चष्मा लावून रुक्मिणी होती, सोबत श्वेता.

‘आजी, नवीन नंबर सांगा,’ मानसी म्हणाली.

श्वेताने स्वतःचा नंबर सांगायला तोंड उघडलं. रुक्मिणीने तिचा हात दाबला आणि स्वतः दहा आकडे सांगितले, मध्ये कुठेही न अडखळता. दारातून बाहेर पाहायची तिला गरज पडली नाही.

मानसीने स्क्रीन बघितली. ‘आजी, हाच तर आधी आहे. मग बदलायचं काय?’

‘काय नाय. आसा तसाच ऱ्हवांदे.’

श्वेताने कपाळावर हात मारून घेतला. शकु दारातून आत गेली.

पुढच्याच आठवड्यात रेशनचा मेसेज आला. सहा शून्य आठ तीन. शकुचा फोन वाजला आणि ती दाराकडे वळेपर्यंत रुक्मिणी उंबऱ्यावर उभी होती. मी माझ्या पायरीवर पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर पुढे धरून बसलो होतो.

‘वयनी, इलो काय ओटीपी?’

‘इलो.’

शकुने फोन उचलला, पण आकडे सांगितले नाहीत. रुक्मिणीही घाईत दिसली नाही. ती आत आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि शेगडीकडे बघत राहिली. डबे अकराला गेले होते, पातेली घासायला काढलेली होती.

मग रुक्मिणी म्हणाली, ‘डब्यातला काय उरला आसात तर वाढ माका.’

शकु तिच्याकडे बघत राहिली. मग परात ओढली, तिच्यात पीठ घेतलं. ‘उरलेलं मी कोणाला देत नाही,’ ती म्हणाली आणि तिने गॅस पेटवला.

रुक्मिणी तीन चपात्या जेवली. तोवर ओटीपी बाद झाला होता. नंतर दुसरा मागवला.