वरच्या पाड्यावर गेलेली खोली

आमच्या शाळेची जुनी खोली पाडायची की दुरुस्त करायची, याचा निर्णय होईपर्यंत कुणीतरी तिच्या भिंतीवर लाल रंगात ‘धोकादायक’ असं लिहून गेलं होतं. पहिलीतल्या मुलांना जोडाक्षर नसलेला एवढा लांब शब्द वाचता यायचा तो त्यामुळेच.

शाळा मोखाड्यात, सूर्यमाळच्या बाजूला, खालच्या पाड्याच्या टोकाशी. शिक्षक दोन. एक मी, घाटावरून बदलून आलेली. दुसरे मुख्याध्यापक, जव्हारहून मोटारसायकलवर येणारे, निवृत्तीला टेकलेले आणि म्हणून प्रत्येक कागदाला भिणारे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणायची. खोली बंद पडल्यापासून आम्ही समाजमंदिराच्या ओट्यावर वर्ग भरवायचो. तिथे लग्न निघालं की आम्हाला सुट्टी.

मग शहरातल्या एका संस्थेने आम्हाला नवी खोली द्यायचं ठरवलं. ती ट्रकमधून सुटी सुटी आली. भाताचा पेंढा आणि बांबू दाबून केलेले भिंतींचे तक्ते, लोखंडी सांगाडा, छपराचे पत्रे आणि नट-बोल्टांची पोती. सिमेंट नाही, वाळू नाही. मुख्य म्हणजे पाणी नाही. उन्हाळा लागला की आमच्याकडे बायका झऱ्यापाशी हंड्यांची रांग लावून बसतात. तिथे जाऊन बांधकामाला पाणी मागायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे पाणी न पिणारी खोली येतेय म्हटल्यावर ती उभी राहायच्या आधीच लोकांना आवडली.

त्या आठवड्यात खालच्या पाड्यावर लग्नं होती, म्हणून जोडणीच्या कामाला वरच्या पाड्यावरची माणसं आली. वरचा पाडा म्हणजे ओहोळ ओलांडून पाऊण तासाचा चढ. त्या माणसांत एक बाई होती. ठाण्याकडे बिल्डिंगच्या कामावर बरीच वर्षं काढून ती पाड्यावर परतली होती. तिची दोन्ही मुलं आमच्या पटावर होती, पण पावसाळ्यात ती पटावरच असत, वर्गात नसत. पदर खोचून ती दिवसभर इंजिनिअरच्या मागे राहिली. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, सगळं विचारून घेतलं. तक्त्यांवरचे जोडणीच्या क्रमाचे आकडे पुसट होते, ते मीच ऑइलपेंटने ठळक केले. त्या वेळी मला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

उद्घाटनाला इंजिनिअर बोलायला उभा राहिला. पोरसवदा आणि मनापासून बोलणारा. “ही खोली जमिनीला जखम करत नाही,” तो म्हणाला. “उद्या गरज पडली तर एक पाना घ्या, दहा माणसं घ्या. दिवसभरात खोला, हवी तिथे न्या, परत जोडा.” मग त्याने तो पाना गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तो मानपत्रासारखा दोन्ही हातांनी घेतला आणि वर्गात खिळ्याला अडकवला. खालच्या पाड्याने टाळ्या वाजवल्या. वरच्या पाड्याने वाजवल्या नाहीत. ते ऐकत होते.

जूनच्या अखेरीला ओहोळाला पाणी चढलं आणि वरची मुलं नेहमीप्रमाणे यायची थांबली. एका शनिवारी ती बाई मात्र पलीकडून वळसा घालून आली. दारात उभी राहून तिने खोलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बाय, ही खोली उचलता येते ना?”

“येते की,” मी म्हटलं. “इंजिनिअरसाहेबांनीच सांगितलं ना.”

“कवा पण?”

“हो, कधीही. तीच तर तिची खासियत आहे.”

“मोडत नाय काय?”

“मुळीच नाही.” एवढ्यावर न थांबता मी तिला फळ्यावर चित्र काढून सांगितलं. आधी छप्पर, मग तक्ते, शेवटी लोखंडी पाय. पालकांमध्ये अशी जिज्ञासा दिसली की शिक्षकाचं भान सुटतं. जाताना तिने विचारलं, “पाना तोच ना, खिळ्याचा?” मी म्हटलं, “तोच.” शाळेच्या दाराची किल्ली शेजारच्या घरी असते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सोमवारी मी जीपमधून उतरून शाळेपाशी आले, तर खोली नव्हती.

काही पडलंय किंवा मोडलंय असं नव्हतं. सगळं व्यवस्थित होतं, फक्त खोली नव्हती. कपाट, टेबल आणि गुरुजींची खुर्ची आपापल्या जागी, वर प्लॅस्टिकचा कागद नीट बांधलेला. लोखंडी पाय जमिनीतून पिळून काढलेले आणि त्या आठ भोकांत पाणी साचलेलं. खालची मुलं रोजच्या जागी चिखलात उभी होती. मी येताना दिसले तशी त्यांनी ‘नमस्ते बाई’ म्हटलं.

थोड्या वेळाने गुरुजी आले. मोटारसायकल लावली, अंगावरचा रेनकोट काढला आणि जिथे उंबरा असायचा तिथे सवयीने चपला काढून आत आले. खुर्चीपर्यंत गेले, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

“मॅडम,” ते शांतपणे म्हणाले, “खोली कुठे आहे?”

खालच्या पाड्याचे पोलीस पाटील छत्री घेऊन आले. त्यांचं म्हणणं, हे सरळ चोरीचं प्रकरण आहे, गुरुजींनी तक्रार लिहून द्यावी. गुरुजींनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि बंद केलं. “पाटील, इतक्या वर्षांत मी डस्टर हरवल्याचं लिहिलंय, घंटा हरवल्याचं लिहिलंय. शाळा हरवली असं लिहिलं तर मला पेन्शन कोण देईल?”

शेवटी चिखलातल्या पावलांच्या मागावर आम्ही तिघं वरच्या पाड्याकडे निघालो. ओहोळ गुडघ्याच्या वर होता. गुरुजींनी एका हातात चपला, दुसऱ्या हातात हजेरीपट धरला होता. मी मध्ये एकदा घसरले आणि पाटलांच्या छत्रीला लटकले. छत्री उलटी झाली. वरच्या पाड्याची मुलं शाळेला का येत नाहीत यावर मी त्याआधी दोन अहवाल लिहिले होते. त्यात ‘पालकांची उदासीनता’ असं कारण दिलं होतं. पलीकडच्या काठावर ओल्या साडीने उभी असताना ते आठवून मला लाज वाटली.

वर माळावर खोली उभी होती. खरं सांगायचं तर आमच्याकडे होती त्याहून सरळ उभी होती. दार वाऱ्याच्या पाठीला केलं होतं, त्यामुळे आत थेंब नव्हता. खाली एक खिडकी उलटी बसली होती आणि आम्ही ती कायम दोरीने बांधून ठेवायचो. इथे ती सुलटी बसवलेली होती. आत पोरं ओळीने बसलेली. त्यांतली काही मी वर्षभर फक्त पटावर पाहिली होती. ती बाई पाना हातात घेऊन दारात बसली होती.

पाटील चढून दमले होते, तरी म्हणाले, “कुणाला विचारून नेलीत?”

“बायला,” ती म्हणाली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. पाटलांनी पाहिलं. सगळ्या वर्गाने पाहिलं. मी म्हटलं, “तसं विचारलं होतं खरं.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“चित्र काढून दाखवलं,” मी म्हटलं.

त्यानंतर बराच वेळ वादावादी झाली. पाटील म्हणत होते शाळा खालची आहे. ती म्हणत होती, पोरां दोन्हीकडची हायत आणि ओहोळ एकीकडूनच बुडवतो काय? गुरुजी त्यात पडले नाहीत. त्यांना दुसरीच काळजी होती. दर सोमवारी खोलीसमोर मुलांचा फोटो काढून शिक्षण खात्याच्या ग्रुपवर पाठवावा लागे. त्यांनी मुलांना बाहेर उभं केलं, घाबरत फोटो काढला आणि तिथल्या एका उंच दगडावर चढून रेंज शोधून पाठवला. मागचा सगळा डोंगर बदललेला. थोड्या वेळाने केंद्रप्रमुखांचं उत्तर आलं: ‘परिसर सुशोभित केल्याबद्दल अभिनंदन.’ गुरुजी दगडावरच बसले.

तडजोड नाचणीची भाकरी आणि कोरा चहा पोटात गेल्यावर झाली. पावसाळ्यात खोली वर राहील, मी वर शिकवीन आणि गुरुजी खाली ओट्यावर. पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळे ओटा मोकळा. भातकापणीनंतर ओहोळ उतरतो आणि पुढे उन्हाळ्यात वरचं पाणी आटलं की बाया पोरांसकट खालच्या झऱ्यावर येतातच, म्हणून कापणीपासून खोली खाली. पाटलांनी एकच विचारलं, “आणायची कुणी?”

“जेला पाहिजे तेनी,” ती म्हणाली.

त्याप्रमाणे भातकापणी उरकल्यावर खालच्या पाड्याची माणसं वर गेली आणि रविवारी खोली घेऊन उतरली. जोडता जोडता संध्याकाळ झाली, तेव्हा दोन तक्ते उरले होते आणि छप्पर एका बाजूला कलून बसलं होतं. पाटलांनी बराच वेळ ते तक्ते जादा दिले असतील का यावर विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर निरोप धाडला. ती आली, समोरच्या दगडावर बसली आणि हात न लावता, नुसतं बोट दाखवून सगळं पुन्हा खोलायला लावलं. पाटील स्वतः बोल्ट पिळत होते. “उलटा पिळताय,” ती मधून मधून म्हणत होती.

आता दोन वर्षं हे असंच चाललंय. गुरुजी निवृत्त झाले. पेन्शन सुरळीत लागली. मध्ये त्या इंजिनिअरचा फोन आला होता, बोल्ट गंजलेत का, जमीन खचतेय का विचारायला. मी त्याला खोली सध्या कुठे आहे ते सांगितलं. त्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “म्हणजे खरंच हलवता येते ती?”

“तुम्ही कधी हलवली नव्हती?” मी विचारलं.

“नाही हो,” तो म्हणाला. “नुसती कागदावर हलवली होती.” मग त्याने त्या बाईचा नंबर मागितला. तिच्याकडे फोन नाही, म्हणून मी त्याला वाट सांगितली आणि येताना चपला हातात घ्यायला सांगितलं.