चार गठ्ठे

वडिलांच्या घशाच्या खालच्या भागात कॅन्सर निघाला, तेव्हापासून दवाखान्यातल्या फाइलीवाल्या मामांची ओळख. माणसाला नावानं हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटतं; गाव आणि गाठीचा टप्पा पुरतो.

"कुंभारीचे टी-थ्री, या की!"

गालात तंबाखूचा मावा धरून मामा शिकवतात, "दोन सेंटिमीटरपर्यंत गाठ टी-वन, चारपर्यंत टी-टू. त्याच्या वर गेली, न्हायतर स्वरयंत्र अडकलं, की टी-थ्री. शेजारी घुसली की टी-फोर. लई सोपं हाय."

टेबलावर तसे चार गठ्ठे. एवढ्या विद्वान माणसाची फाइल चुकेलच कशी?

तीन महिने झाले, मामांचा आवाज बसलाय. चहा गिळतानाही डोळे मिटतात.

"मामा, एकदा दुर्बिणीनं तपासून घ्या की."

मावा दुसऱ्या गालात सरकवत ते म्हणाले, "सर्दी हाय ओ."

सर्दीचा गठ्ठा मला त्या टेबलावर कधी दिसला नाही.