दुधाळ माल आणि कोरडी डोकी

आमच्या कंपनीत पिंपाच्या काठावर माल सांडतो, सुकतो, वर परत सांडतो, परत सुकतो. बघता बघता जाड साल तयार होते. आमचे किस्से तसेच साठलेत. एक सोलायला जावं तर खालचा सुटून येतो. लोक हसतात, आम्हीपण हसतो, पण आम्ही हसतो ते तोंडावर पदर घेऊन. कारण ह्यातले निम्मेअधिक लाज काढणारेच आहेत!

मी महाडच्या एमआयडीसीत झाडूपोछाला. नातवंडं झाली तरी हात थांबत नाहीत. माझ्याबरोबर दासगावची सुमन. ती मला काकी म्हणते. पिंपात भरताना माल कापडी गाळणीतून गाळतात, ते काम तिचं. नवऱ्याची कंबर गेल्यापासून तो मुंबई सोडून घरी बसलाय, घर हिच्या एकटीवर. म्हणून ही गाळणी तिच्या जिवापेक्षा मोठी.

माल दिसायला थेट दूध! पण सुकला की काच. मोटारीच्या रंगावर शेवटचा जो चकचकीत थर मारतात ना, तो ह्याच्यापासून होतो.

हे मी कुडपणला माझ्या नणंदेला समजावत होते. ती म्हणाली, "रंगाची कंपनी म्हणतेस, मग रंग कुठला?"

"रंग नाय गो. रंगाच्या वरचं."

"कसं दिसतं?"

"दिसतच नाय. दिसलं तर माल परत येतो."

नणंदेनं दाराबाहेर कुणी ऐकतंय का बघितलं. मग म्हणाली, "दिसत नाय त्याचा पगार देतात? वैनी, लोकांना असलं सांगू नको. भांडी घासते म्हणून सांग!"

*

पुतण्याच्या घरी हळदीकुंकू होतं. मी कंपनीतल्या पाळीवरून थेट गेले. हात धुतले होते, पण मनगटावर मालाचा ओघळ राहिलेला. तो सुकल्यावर दिसत नाही, हे मी सांगितलंच.

नवी सून हळदीचं बोट ओढायला आली. तिनं माझा हात धरला, नखात काहीतरी अडकलं, तिनं ओढलं, तर माझ्या मनगटावरून वीतभर पापुद्रा निघून आला! सापाची कात निघावी तसा!

पोर किंचाळली. हळदीची वाटी माझ्या मांडीवर. आख्खी खोली माझ्याकडे बघतेय.

मी म्हटलं, "काय नाय गो, कंपनीचा हाय."

मागून एक बाई बोलली, "कंपनी आता कातडीपण देते?"

त्यानंतर त्या घरात मला हळद लांबूनच मिळते.

*

लॅबला साळवी साहेब. माणूस चांगला, पण डोक्यावर एक केस नाही. ते लोखंडी पट्ट्यांवर माल मारून भट्टीत भाजतात आणि उजेडात धरून बघतात. पट्टी अशी चमकते की आम्ही त्यात बघून टिकली सरळ करायचो.

एकदा सुमन अशीच पट्टी धरून उभी. मी म्हटलं, "ठेव ती, बोटं उमटली तर साहेब ओरडतील."

सुमन म्हणाली, "ही कसली चमक काकी! खरी चमक साहेबांच्या डोक्यावर हाय. रोज सकाळी मालाचे दोन हात मारून भट्टीत डोकं घालत असतील!"

मी हसले नाही. कारण साहेब तिच्या मागेच उभे होते.

त्यांनी तिच्या हातातली पट्टी घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "सुमनबाई, हिच्यावर बोट उमटलंय. माझ्यावर टोमणा मारायच्या आधी हात पुसत जा."

सुमन आठवडाभर त्यांच्या समोर गेली नाही. ते आले की पिंपाच्या आड!

*

मग तेलाचं लचांड सुरू झालं.

मोटारवाल्यांकडून माल परत आला. चकचकीत थरात बारीक बारीक खड्डे. साहेब त्याला क्रेटर म्हणतात, आम्ही माशाचा डोळा. तेलाचा एक थेंब मालात गेला तरी थर तिथून बाजूला सरतो आणि डोळा पडतो.

आणि तेल कुणाकडे? आमच्या डोक्यात!

दुसऱ्या दिवशी गेटवर बोर्ड लागला. मला वाचता येत नाही, म्हणून माझ्यासारख्यांसाठी चित्र: खोबरेल तेलाची बाटली आणि तिच्यावर लाल फुली. सिक्युरिटीची रेश्मा, माझ्या नातीएवढी पोर, आत जाताना प्रत्येक बाईच्या भांगावरून टिशू फिरवायची आणि उजेडात धरून बघायची. टोपी घातली तरी चालायचं नाही. तिसऱ्यांदा डाग दिसला की काम बंद.

रेश्मा बिचारी खाली बघून टिशू फिरवायची. आम्हीपण खाली बघायचो. जत्रेत बैल बघतात ना, तसं वाटायचं.

सुमनच्या टिशूला सुरुवातीलाच दोनदा डाग लागला. जन्मभर तेल मुरलेलं डोकं, एका धुण्यात निघतंय होय?

*

आता दासगावात बघा काय झालं. आमच्याकडे बाई कोरड्या डोक्यानं कधी राहते? सुतकात! सुमनचे केस पिंजारलेले, तोंड उतरलेलं, चार दिवस गावानं बघितलं. नवरा कंबरेमुळे घराबाहेर दिसत नव्हताच.

पाचव्या दिवशी वरच्या आळीतली म्हातारी टोपलीत पिठलं-भाकरी घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तिथे शेजारी जेवण नेतात तो कडू घास. दारातच तिनं गळा काढला, "सुमने, काय झालं गो हे! आम्हाला कळवलंस पण नाय!"

आतून सुमनचा नवरा काठी टेकत आला. "कोण गेलं गो आजी?"

म्हातारी टोपली पदराखाली झाकायला लागली!

नवऱ्यानं टोपली बघितली, वास घेतला आणि म्हणाला, "पिठलं गरम दिसतंय. आणलंस तर ठेव."

आणि बसून खाल्लं की त्यानं! स्वतःचा कडू घास!

गाव अजून हसतं. पण सुमनची सासू हसली नाही. डोळ्यांनी अधू बाई, लेकाच्या नावानं दारात रडणं ऐकलं, तिच्या काळजात काटा बसला. त्या दिवसापासून ती तेलाची वाटी उशाशी घेऊन झोपायला लागली.

*

मोटारवाले माल बघायला येणार होते, त्या सकाळची गोष्ट. सुमन चुलीपुढे वाकून भाकरी थापत होती. दोन्ही हात पिठात. सासू मागून आली आणि ओंजळभर तेल तिच्या टाळूवर थापलं. "माझा लेक जिता हाय," एवढंच म्हणाली.

सुमन म्हातारीला काय बोलणार? धुवायला वेळ नव्हता, बस सुटली असती. तशीच आली.

रेश्मानं टिशू फिरवला. टिशू आरपार दिसायला लागला! मागे साळवी साहेब उभे. रेश्मा हळूच सुमनला म्हणाली, "ताई, आज तरी..."

साहेब म्हणाले, "तिसरी वेळ आहे ही."

सुमननं हात जोडले. "साहेब, इथंच धुते. इथंच! पण घरी पाठवू नका."

साहेबांनी घड्याळ बघितलं, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मी कँटीनमधून भांड्याचा साबण आणला. गेटजवळच्या नळाखाली सुमन वाकली आणि मी तिचं डोकं चोळायला लागले. समोर ट्रकांची रांग, ड्रायव्हर बघतायत. एक टँकरवाला इंजिन चालू करून पुढे आला. मला वाटलं, जवळून बघायला आला मेला! मी शिवी द्यायला तोंड उघडलं, तर त्यानं टँकर आमच्या आणि रांगेच्या मधे आडवा लावला आणि स्वतः पाठ करून बिडी पेटवली.

सुमन रडत होती की साबण डोळ्यात गेला होता, मी विचारलं नाही. मला माझ्याच हातांची लाज वाटत होती.

रेश्मानं परत टिशू फिरवला. कोरडा... म्हणजे नुसता पाण्यानं ओला. सुमन आत गेली. त्या दिवशीच्या पट्टीवर एकही डोळा पडला नाही. मोटारवाले खूश, साहेब खूश!

*

त्याच आठवड्यात महिला दिन आला.

आम्हा सगळ्या बायकांना गेटच्या आत ओळीनं उभं केलं. ऑफिसच्या मॅडमनी भाषण केलं, "आमच्या भगिनी ह्या कंपनीचा कणा आहेत." टाळ्या झाल्या. मग साळवी साहेबांच्या हस्ते प्रत्येकीला चकचकीत कागदातली भेट.

सुमननं कागद सोडला. आत खोबरेल तेलाची बाटली. मागच्या बोर्डावर फुली मारलेली, तीच.

साहेबांनी बाटली बघितली, मग बोर्ड बघितला. त्यांचं डोकं पार कानापर्यंत लाल होत गेलं. रेश्मानं टाळी वाजवली म्हणून आम्हीपण वाजवली.

संध्याकाळी मी सुमनबरोबर दासगावला गेले. सासू पडवीत बसली होती. सुमननं बाटली तिच्या हातात ठेवली. म्हातारीनं चाचपली, झाकण उघडून वास घेतला.

"कुणी दिली गो?"

"कंपनीनं."

म्हातारीचा चेहरा असा उजळला, की किती दिवसांत तसा बघितला नव्हता. बाटली तळहातावर उपडी करत सुनेला म्हणाली, "बघ! साहेबाला पण कळतं. तुलाच कळत नाय. बस खाली."

सुमननं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत आमची पहिली पाळी होती, गेटवर टिशू होताच.

ती खाली बसली.