थांबून ऐकणारे वसंतराव

श्री. वसंतराव देवळेकर यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी लिहा असे दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाने सांगितले, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी सातवी शिकलेला, सरकारी कार्यालयात फायली शिवणारा दफ्तरी. काही चुकले तर दोष माझा, त्यांचा नाही.

पहिली ओळख दिल्लीच्या त्या कार्यालयातच झाली. वसंतराव भाषांतरकार म्हणून रुजू झाले होते. आठवडाभर त्यांनी 'नमस्ते'पलीकडे शब्द काढला नाही. कँटीनमध्ये शर्माजी मला म्हणाले, "पाटील, तुम्हारे मौनी बाबा को मराठी भी आती है कि नहीं?" सगळे हसले, मीही हसलो. मला वाटले, माणूस गर्विष्ठ आहे. पुढे पाहिले, अवघड फाईल आली की हेच शर्माजी गुपचूप त्यांच्या टेबलाशी जाऊन बसत.

पहाडगंजात मंडळाचे नाटक असले की वसंतराव विंगेत प्रॉम्प्टर. नट मध्येच गप्प झाला की आम्ही घाबरायचो. वसंतराव आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत. विसरला असेल तरच शब्द देत. रविवारी ते हॉस्पिटलात जात. गावाकडून आलेल्या, हिंदी न येणाऱ्या रुग्णांपाशी बसून डॉक्टरांचे म्हणणे समजावून सांगत. कामे निरनिराळी, माणूस तोच अबोल.

माझी मुलगी सुनंदाही अबोल. तिचे कसे होणार, या काळजीने मला घास गोड लागत नसे. बारावीनंतर गाझियाबादच्या एका कंपनीत ओळखीने तिला रिसेप्शनवर लावून दिले. सोमवारी रुजू व्हायचे होते. शनिवारी तिला घेऊन मी वसंतरावांच्या घरी गेलो.

"साहेब, हिला चार शब्द बोलायला शिकवा."

"मीच कुठे शिकलोय?" असे म्हणून ते सुनंदाकडे वळले. "बेटा, तुला काय करावंसं वाटतं?"

"तिला काय कळतंय, साहेब! नोकरी चांगली आहे, ऑफिसात एसी आहे..."

"भाऊ, चहा घ्या," त्यांच्या पत्नी कमलवहिनी म्हणाल्या, "तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील."

कप हातात घेऊनही मी बोलतच होतो. वसंतरावांनी हात वर केला. "पाटील, ती विसरलेली नाही. थांबली आहे."

चहा निवला. मग सुनंदा म्हणाली, "मला तिथं नाही जायचं. मला नकाशे काढायला शिकायचंय."

ओळखीच्या माणसाला काय सांगू? माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. "त्यांना मी सांगतो," वसंतराव म्हणाले. फोनची घंटा वाजली तरी दचकणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः फोन लावून दोन वाक्यांत नकार कळवला. सोमवारी रजा काढून ते आम्हाला ड्राफ्ट्समनच्या प्रशिक्षणाची चौकशी करायला घेऊन गेले. बसमध्ये ते दोघे गप्प. मी एकटा बडबडत होतो.

आज सुनंदा नकाशे काढण्याचीच नोकरी करते. हे लिहायला बसलो तेव्हा तिला विचारले, "काकांविषयी काय लिहू?" आणि मोठ्या कष्टाने गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्या दिवशी मला तुमची भीती वाटत होती, बाबा. ते समोर होते म्हणून मी बोलले. एवढं लिहा."

लिहिले.

वसंतरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे ठणठणीत राहोत, आणि कान तर विशेषच. आम्हा बडबड्यांचे सांगून अजून संपलेले नाही.