दुसरा डबा

आमच्या धंद्यात एक नियम आहे. विमान चालवणाऱ्या दोघांनी एकच जेवण जेवायचं नाही. अन्नातून बाधा झालीच, तर दोघांपैकी एक तरी धड हवा. नियम सोळा आणे खरा. तरी एका कॅप्टनच्या तोंडून तो ऐकला तेव्हा मला ते निमित्त वाटलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नवा को-पायलट, राहायला मीरा रोडला. न्यायला येणारा ड्रायव्हर रोज कुरकुरायचा, "साब, पायलट लोग इतना दूर कौन रहता है?" कोणीच नाही, बाबा. मी एकटाच.

त्या दिवशी आईनं मेथी-भाकरी दिली होती. विमान वर पोचल्यावर मी डबा कॅप्टनसमोर धरला. ते म्हणाले, "दोघांनी एकच खायचं नाही, विसरलास?" बरोबरच होतं त्यांचं. पण माझं आडनाव त्यांनी सकाळीच खोदून खोदून विचारलं होतं. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध. गावी आईच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, तोही नियमच होता.

उतरताना विमान त्यांच्या हातात. नजर ठेवून बोलायचं काम माझं. रुसून गप्प बसायची सोय नाही, मागं विमान भरलेलं. "सर, वेग कमी होतोय," मी म्हणालो. "बरोबर," म्हणत त्यांनी लगेच सावरलं. माझा शब्द घेतला, भाकरी नाही.

घरी आईनं विचारलं, "खाल्लं का रं साहेबानं?" मी नियम सांगितला. ती म्हणाली, "हात्तिच्या! मग येगळं येगळं देते की."

पुन्हा त्याच कॅप्टनबरोबर निघालो तेव्हा माझ्याकडे दोन डबे होते. एकात मेथी, दुसऱ्यात वांगं.

"सर, हे वेगळं आहे. आईनं मुद्दाम दिलंय."

"नको रे, भूक नाही."

आणि पाचच मिनिटांत ट्रेमधलं ऑम्लेट चाटूनपुसून खाल्लं. डोंबलाची भूक नाही! असा जीव जळला माझा. पण उतरताना ते विचारत गेले, मी उत्तर देत गेलो, विमान अलगद टेकलं. "छान," ते म्हणाले. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

आई दारातच उभी होती. "खाल्लं?"

"हो. वांगं फार आवडलं त्यांना."

तिचा चेहरा असा काही फुलला! मी स्वतः कॅप्टन होईपर्यंत ती दोन डबे देत राहिली, दुसऱ्यात कायम वांगं. दोन्ही मीच संपवायचो.