हात लावायची मूर्ती

"ही मूर्ती हात लावण्यासाठीच केली होती ना, साहेब?"

"होती. पण ती इतकी सुरेख उतरली की—"

"की काचेत कोंडलीत! वा! म्हणजे तलाव पोहायला बांधायचा आणि पाण्यावर झाकण ठोकायचं."

"ताई, आवाज खाली. हे कलासंग्रहालय आहे."

"ते दारातच कळलं. पायरीला ठेचकाळले तेव्हा."

ताई म्हणजे हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर उभी हयात काढलेली बाई. नवरा याच संग्रहालयात पहारेकरी. त्याचा डबा पोचवायचं निमित्त करून ती रोज एका दगडी बाईसमोर उभी राहायची. डोक्यावरचं ओझं नुकतंच उतरवून मान चोळणारी बाई. "माझ्यासारखीच दमलीय मेली," असं नवऱ्याला सांगून हसायची.

मग नजर कडेकडेने अंधारत गेली आणि एक दिवस पुरती विझली. नवऱ्याचा चेहरा लक्षात राहिला, त्या बाईचा मात्र पुसट होत गेला. संग्रहालय अंधांसाठी तिची प्लॅस्टरची प्रतिकृती करतंय हे कळलं, तेव्हा ताईने आपलं सगळं अंध मंडळ गोळा केलं. आज ते सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून दालनाच्या दारात थांबले होते. पुढे झालेल्या ताईच्या बोटांना लागली ती गार, गुळगुळीत काच.

"सगळ्यांनी हात लावला तर महिन्यात नाक झिजेल," संग्रहालयाचे साहेब म्हणाले.

"झिजू दे! दुसरी ओता. साचा काय उशाला घेऊन झोपायला ठेवलाय?"

"हेडफोनवर वर्णन दिलंय आम्ही."

"ऐकलं. 'चेहऱ्यावर करुण सौंदर्य'! अहो, ओठ मिटलेत की उघडे, तेवढं सांगा ना!"

"अगं, हळू…" नवऱ्याने तिची बाही ओढली.

"तुम्ही बोलूच नका! जन्मभर 'हात लावू नका, हात लावू नका' करत आलात. आज एकदा 'लावा' म्हणायची वेळ आली, तर दातखीळ बसली?"

नवऱ्याने बाही सोडली.

साहेबांनी आवाज मऊ केला. "हे बघा, तुम्ही आपल्या घरातल्याच. तुमच्यापुरती उघडतो. पाच मिनिटं. बाकीच्यांना मात्र कळू द्यायचं नाही. आणि तुमच्या मिस्टरांची नोकरी इथेच आहे, तेही जरा ध्यानात असू द्या."

किल्ली फिरली. कोऱ्या प्लॅस्टरचा वास आला. ताईचा हात आपोआप वर गेला. तो चेहरा आता वीतभरही लांब नव्हता.

"ताई, सापडली का?" दारातून कुणीतरी उतावळेपणाने विचारलं. "आमचा नंबर कधी?"

ताईच्या अंगाची लाहीलाही झाली. वर गेलेला हात तिने मुठीत आवळला, खाली घेतला आणि काठी चाचपली.

"अहो, लावा ना हात!" साहेब गोंधळले. "आता काय झालं? उघडी ठेवू की बंद करू?"

काठी आपटत ताई दाराकडे चालू लागली.

"ताई, मी तुम्हाला विचारतोय!"

दारातल्या पहिल्या माणसाचा खांदा तिने घट्ट धरला, त्याला वळवलं आणि सगळी रांग घेऊन ती बाहेर पडली.