दौलतच्या पोटाची ऊब

बर्फातल्या त्या पोस्टवर माझी बडी जोडी सिपाही दौलतशी लागली. मी नाईक, गाव विंझर. तो राजगडाखालच्या पालीचा. रोज बूट काढून बडीचे पाय तपासायचे, ही ऑर्डर. बोट पांढरं दिसलं म्हणजे हिमदंश, की लगेच रिपोर्ट.

"नाईकसाहेब, ह्या वासानं दुश्मन पळंल," म्हणत तो माझी बोटं चोळायचा. मग गडावरच्या पद्मावतीचा अंगारा पुडीतून काढून माझ्या कपाळाला लावायचा. "तुझ्या देवीला इथलं काय दिसणार?" मी चिडवायचो.

"दिसतं तिला," एवढंच म्हणायचा. पोरगा फार गोड.

एकदा पेट्रोलवर बर्फ फुटला आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. कसेबसे तंबूत पोहोचलो तोवर बोटं पांढरी, बधिर झालेली. बोटं गेली की नोकरीही गेली. रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"नेगेटिव्ह. वेदर खराब. शेकू नका, अंगाची ऊब द्या. ओव्हर."

दौलतने कोट उघडला, बनियन वर केलं आणि माझा पाय उघड्या पोटाशी धरला. त्याचा श्वासच अडकला.

"आई गं! वैनी असलं गार पाय कशा सोसत्यात वो?"

हवा उघडून हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याने पाय सोडला नाही. बोटांत कळ आली तसा मी रडलो. "रडा. दुकतंय म्हंजी जित्ती हाईत," तो म्हणाला.

मी हॉस्पिटलात असतानाच त्या पोस्टवर हिमकडा कोसळला. त्यात दौलत गेला.

बरा झाल्यावर पालीला गेलो. त्याच्या आईला काय सांगावं, ते वाटभर ठरत नव्हतं. ती जोत्यावर बसली होती. मी नाव सांगितलं.

"बूट काड," ती म्हणाली. "फोनवर बोलला व्हता त्यो."

तिने माझा पाय मांडीवर घेतला. मी मागे ओढला. "आई, तुमी मोट्या. पाप लागंल मला."

"गप. लेकराचा पाय हाय." तिने एकेक बोट दाबून पाहिलं. "ल्हानपनी थंडीत त्याचं पाय म्या असंच पोटाशी घ्यायची. त्येच केलंन बग त्यानं."

मग ती आत गेली आणि तिने पद्मावतीचा अंगारा आणून माझ्या कपाळाला लावला. या वेळी मी आपणहून कपाळ पुढे केलं होतं. देवाची माया म्हणतात ती मला देवळात कधी कळली नव्हती. ती या माऊलीकडून दौलतकडे आणि दौलतकडून माझ्या पायापर्यंत आली होती.

आजही बूट घालताना बोटं चाचपून बघतो. सगळी शाबूत आहेत. दौलत तेवढा नाही.